फणसाचा भुसा, तुरटी आणि बाझलच्या विहिरी

रोह्याला माहेरच्या घरामागे एक फणस होता. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो आडवा झाला. लाकूड वाया जाऊ नये म्हणून दादानं खोड वखारीत नेलं. दोन चौकटी आणि चार पाट निघाले. मी तेव्हा पेणहून गेले होते. म्हटलं, मला फक्त गाभ्याचा भुसा दे, सालीकडचा पांढरा नको. "डासांना धुरी करणार का?" दादानं विचारलं. "नाही, स्पिरिटमध्ये भिजत घालणार." वहिनीनं कपाळाला हात लावला, पण दुधाची रिकामी पिशवी धुऊन भुसा भरून दिला.

मी वाणिज्य शाखेची. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. सासरी गणपतीचा कारखाना आहे, पेणमध्ये आणि हमरापूर, जोहे भागात असे शेकड्यांनी आहेत. रंगांच्या डब्यांवरची नावं वाचता वाचता मला रंगांच्या इतिहासाची गोडी लागली. जे वाचलं ते वाचनालयांत, मुंबईच्या फेऱ्यांत, आणि बरंचसं न कळता पुन्हा पुन्हा. या लेखातला विषय मला कळायला सात-आठ वर्षं लागली, तेव्हा वाचकांनीही घाई करू नये.

विषय असा. जिवंत पेशीच्या आत कॅल्शियम, जस्त, तांबं, लोह, मँगनीज असे धातू आयनांच्या रूपात असतात. ते कुठं आहेत, किती आहेत, कधी वाढतात, कधी ओसरतात, हे आज पेशी न मारता पाहता येतं. त्यासाठी पेशीत एक रंग सोडतात. तो रंग ठरावीक धातूला भेटला की चमकतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती चमक मोजतात. अशा रंगाला मी या लेखात शोधक रंग म्हणणार आहे. या विद्येचा इतिहास बहुतेक जण १९८० च्या केंब्रिजपासून सांगतात. मला तो फणसापासून सांगावासा वाटतो.

फणसाचा गाभा ताजा कापला की पिवळाधमक असतो. मग वर्षानुवर्षं तो तांबूस, पुढे काळपट होत जातो. जुन्या घरांतल्या फणसाच्या दारांना हात लावून मोठ्या झालेल्या माणसाला हे सांगायला नको. या पिवळ्याचा कपड्यांसाठी उपयोग ब्रह्मदेशात जास्त झाला. तिथल्या बौद्ध भिक्षूंची चीवरं फणसाच्या लाकडाच्या काढ्यात रंगवत. जॉर्ज वॅट यांच्या भारतीय व्यापारी उत्पादनांच्या कोशात फणसाच्या नोंदीत हा रंग आहे आणि त्याबरोबर तुरटीही आहे. तुरटीशिवाय हा पिवळा कापडावर नीट बसत नाही. तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा क्षार. रंगाचा रेणू आणि कापडाचा धागा यांच्यात अ‍ॅल्युमिनियम मध्यस्थी करतं, दोघांना धरून ठेवतं. रंगाऱ्यांना आयन हा शब्द माहीत नव्हता, पण कोणत्या झाडाच्या रंगाला तुरटी हवी आणि कोणत्याला लोखंडाचं पाणी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच काढ्यात लोह घातलं की पिवळा मरतो आणि काळपट हिरवा येतो.

१८९५ साली ए. जी. पर्किन आणि कोप यांनी फणसाच्या लाकडाचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. पर्किन म्हणजे कृत्रिम जांभळा रंग शोधणाऱ्या विल्यम पर्किनचा मुलगा. बाप कृत्रिम रंगांचा जनक आणि मुलगा आयुष्यभर झाडांच्या रंगांमागे, हे मला फार आवडतं. त्यांना फणसात जो पिवळा पदार्थ मिळाला तो मोरिन. तो युरोपला आधीपासून माहीत होता, पण दुसऱ्या झाडातून. अमेरिका खंडातून येणारं फस्टिक नावाचं पिवळं लाकूड तिथल्या रंगारी बाजारात खपत असे, आणि त्यातून शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं मोरिन वेगळं केलं होतं. फस्टिक आणि फणस दोन्ही एकाच कुळातले, वड-उंबर-तुतीच्या.

आता बाझलला जाऊ. १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनं एक गोष्ट नीट मांडली होती: काही पदार्थ डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश गिळतात आणि दिसणारा प्रकाश परत देतात. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यानं या गुणाला नाव दिलं. आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो. पंधरा वर्षांनी, १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात फ्रिडरिश गॉपेल्सरोडरनं मोरिनच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार मिसळला आणि द्रावण हिरवं चमकू लागलं. हे मिश्रण नवीन नव्हतं. पिवळं लाकूड आणि तुरटी जगभरच्या रंगाऱ्यांच्या कढईत कधीपासून एकत्र शिजत होती. गॉपेल्सरोडरनं प्रश्न फिरवला. रंगारी धातू वापरत होता रंग धरून ठेवण्यासाठी. यानं रंग वापरला धातू ओळखण्यासाठी. पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आहे की नाही? मोरिन टाका आणि चमकतं का पाहा.

चमक का येते, हेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रकाश गिळलेला मोकळा रेणू हलून-डुलून ती ऊर्जा उष्णतेत घालवून टाकतो. मोरिनच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू अशा जागी आहेत की अ‍ॅल्युमिनियम त्यांच्यामध्ये खेकड्याच्या नांगीत सापडल्यासारखं अडकतं. मग रेणू ताठ होतो, त्याला फार हलता येत नाही, आणि ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. अशा पकडीला रसायनशास्त्रात कीलेट म्हणतात. तो शब्द खरोखरच ग्रीक भाषेतल्या नांगीवरून, १९२० साली मॉर्गन आणि ड्रू यांनी बनवला. आमच्याकडे खाडीत खेकडे धरणाऱ्या कुणालाही ती उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

गॉपेल्सरोडरबद्दल वाचताना मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि त्यानंतर हा माणूस मनातून गेला नाही. तो बाझलचा सार्वजनिक रसायनतज्ज्ञ होता. शहरातलं पाणी, खाण्याचे पदार्थ तपासणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. त्या काळी बाझलमध्ये कृत्रिम रंगांचे कारखाने नुकतेच उभे राहत होते. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवायला आर्सेनिक आम्ल लागे. म्युलर-पाक नावाच्या कारखानदाराच्या रंगशाळेजवळच्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडली. १८६४ मध्ये गॉपेल्सरोडरनं तपास केला, पाण्यात आर्सेनिक सापडलं, आणि पुढे न्यायालयानं कारखानदाराला दोषी ठरवलं. त्यासाठी त्यानं वापरल्या त्या जुन्या रासायनिक कसोट्या. मोरिनचा तिथं काही संबंध नव्हता. मोरिनचा शोध त्यानंतर तीन वर्षांनी. मी या दोन घटना शेजारी ठेवते, एकीतून दुसरी काढत नाही. पण रंगाच्या गावात राहून पाण्यात कोणता धातू आहे असा प्रश्न पोटापाण्यासाठी रोज विचारणारा माणूस, आणि पिवळ्या रंगाकडे धातूचा साक्षीदार म्हणून पाहणारा माणूस एकच होता, एवढं तरी खरं.

आपल्याकडे अशा ठिकाणी एक मोह होतो. फणस आपला, तुरटी आपली, म्हणजे शोध आपलाच, फक्त श्रेय साहेबानं नेलं. दिवाळी अंकांत असे लेख मीही वाचले आहेत. मला ते पटत नाही. ब्रह्मदेशच्या भिक्षूंची चीवरं रंगवणाऱ्याच्या हातात सगळं साहित्य होतं, पण त्याला धातू शोधायचा नव्हता, कापड रंगवायचं होतं. त्याचं ज्ञान त्याच्या कामापुरतं पुरं होतं. त्याला अज्ञानी म्हणणं चूक, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं श्रेय त्याला देणं हीसुद्धा चूक.

भुशाचं पुढे काय झालं? मी तो रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवला, सकाळी फडक्यातून गाळला. मधासारखं पिवळं पाणी निघालं. त्यात तुरटीचं पाणी आणि दोन थेंब व्हिनेगर घातलं, कोठीच्या खोलीत अंधार केला आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. काही नाही. उलट द्रावण काळवंडलं. दोन दिवस मी खट्टू होते. मग लक्षात आलं की तुरटी मी बोअरच्या पाण्यात विरघळवली होती, आणि आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला तांबूस कड धरते. लोह. रंगाऱ्याला जे पहिल्या दिवशी कळलं असतं ते मला पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, एकीत तुरटी, एकीत नाही. तुरटीची बाटली पिवळसर हिरवी उजळली, दुसरी मंदच राहिली. यजमानांना हाक मारली. ते हातातला ब्रश घेऊनच आले आणि म्हणाले, "हा तर आपला फ्लोरोसंट."

हा प्रयोग पुरावा म्हणून मी मांडत नाही. फणसात मोरिन एकटं नसतं. के. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फणसाच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या लाकडातून कितीतरी पिवळे पदार्थ वेगळे केले. माझ्या बाटलीत त्यातले कोणकोण चमकत होते हे बॅटरीला विचारून कळणार नाही. वेंकटरामन मूळचे मद्रासचे, पण त्यांची कर्मभूमी महाराष्ट्र. १९३८ पासून मुंबईच्या यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालक, १९५७ पासून पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून जगभर वापरला गेला. महाराष्ट्रातल्या रंगउद्योगात पुढे गेलेल्या पिढ्या त्यांच्या शाळेत तयार झाल्या. त्यांच्यावर मराठीत एखादं चांगलं चरित्र असायला हवं.

इथपर्यंत धातू बाटलीत होता. तो जिवंत पेशीत पाहायचा म्हणजे गोष्ट वेगळी, आणि तिचीही सुरुवात पाण्यानंच झाली. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होता. ते छान चालू राही. मग कळलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नसून नळाच्या पाण्याचं बनवलं जात होतं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदय थांबे. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि हृदयाला तेच हवं होतं. स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं हे जगाला अशा रीतीनं कळलं. पण ते पेशीच्या आत नक्की काय करतं, हे शंभर वर्षं कुणाला नीट दिसलं नाही.

दिसायला अवघड असण्याचं कारण आकड्यांत आहे. पेशीबाहेर कॅल्शियम जेवढं असतं, त्याच्या साधारण दहा हजारावा भाग विश्रांतीतल्या पेशीच्या आत मोकळा असतो. आतमध्ये मॅग्नेशियम मात्र भरपूर, मोकळ्या कॅल्शियमच्या हजारोंपट. दोन्ही धातू भाऊभाऊ, वागण्यात सारखे. तेव्हा शोधक रंग असा हवा की मॅग्नेशियमच्या गर्दीत कॅल्शियमचा एखादा आयन हेरेल. हे केलं रॉजर त्सिएननं, १९८० मध्ये, केंब्रिजला. ईजीटीए नावाचा कॅल्शियम पकडणारा एक रेणू आधीच होता. त्याच्या सांगाड्यात त्यानं सुगंधी वलयं बसवली आणि त्यातूनच क्विन-२ हा रंग आला. त्सिएनला लहानपणी दमा होता, तो घरात बसून रसायनांचे खेळ करी. सिलिकेटच्या पाण्यात धातूंचे क्षार टाकून रंगीत झाडं वाढवायचा खेळ त्यातलाच. सोळाव्या वर्षी त्याला अमेरिकेतलं शालेय विज्ञानाचं मोठं बक्षीस मिळालं, तेही धातू आणि थायोसायनेट यांच्या जोडणीवरच्या कामासाठी. केंब्रिज या गोष्टीत दोनदा आलं, म्हणून रोहेकर या नात्यानं एक भर घालते: आमचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवून आले. ते त्या वाटेनं गेले असते तर काय, असं रोह्यात कधी कधी मनात येतं.

रंग झाला, पण पेशीत शिरणार कसा? क्विन-२वर विद्युतभार असतो, आणि पेशीचं पटल तेलकट. भारलेला रेणू ते आत घेत नाही. सुईनं टोचायचं तर एका वेळी एकच पेशी, आणि तीही जखमी. १९८१ मध्ये त्सिएननं काढलेली युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. फणस कापताना चीक लागू नये म्हणून आपण हाताला तेल लावतो. त्यानं रेणूच्या चिकट, भारलेल्या टोकांवर तेलकट गटांचा लेप चढवला. असा लेपलेला रेणू पटलातून सहज आत जातो. आत पेशीचीच एन्झाइमं तो लेप कापून टाकतात, रेणूचा भार परत उघडा पडतो, आणि आता त्याला बाहेर पडता येत नाही. रंग फक्त पेशीच्या वाडग्यावर शिंपडायचा. बाकी काम पेशी स्वतः करते. लाखो पेशींत एकदम, कुणालाही न टोचता.

१९८५ चा फुरा-२ याच घराण्यातला, पण अधिक प्रामाणिक. क्विन-२च्या चमकेत एक खोट होती. एखादी जागा जास्त उजळ दिसली तर तिथं कॅल्शियम जास्त आहे, की पेशी जाड असल्यानं रंगच जास्त साठलाय? हिशेबाच्या कामात ही चूक आम्ही रोज पाहतो: रक्कम वाढली की दर वाढला, हे वेगळं काढावं लागतं. फुरा-२ला ३४० आणि ३८० नॅनोमीटर अशा दोन प्रकाशांनी आळीपाळीनं उजळवतात. कॅल्शियम धरलं की एकात चमक वाढते, दुसऱ्यात घटते. दोहोंचं गुणोत्तर घेतलं की रंग किती साठला हा प्रश्नच उरत नाही. ग्रिंकिएविच, पोएनी आणि त्सिएन यांचा तो निबंध जीवशास्त्रातल्या सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या निबंधांत गणला जातो. तरी फुरा-२लाही फसवता येतं. जस्त, कॅडमियम, शिसं यांनाही तो धरतो, काहींना तर कॅल्शियमपेक्षा घट्ट. त्सिएनला २००८ चं नोबेल मिळालं ते जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनासाठी, या रंगांसाठी नव्हे.

आणि आता पुन्हा पेण. १९८९ मध्ये मिंटा, काओ आणि त्सिएन यांनी कॅल्शियमचे आणखी दोन रंग दिले, फ्लुओ-३ आणि ऱ्होड-२. पहिला फ्लोरेसिनच्या सांगाड्यावर, दुसरा ऱ्होडामिनच्या. ऱ्होडामिन म्हणजे आमच्या कारखान्यातल्या फ्लोरोसंट गुलाबीतला रंग. बाप्पाच्या शेल्यावर हा गुलाबी असा पेटतो की शेजारचा साधा गुलाबी मळका वाटावा. कारण तो हिरवा प्रकाश गिळून गुलाबीत भर घालतो. यजमान तीस वर्षं तो हाताळत आहेत. मी त्यांना ऱ्होड-२नं उजळलेल्या पेशींची चित्रं दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हात साफ आहे." कुणाचा हात, हे त्यांनी सांगितलं नाही.

कॅल्शियमनंतर जस्त, तांबं, लोह यांचे शोधक रंग आले. मुंबईतही हे काम झालं आहे. पवईच्या आयआयटीत सी. पी. राव यांच्या गटानं कॅलिक्सारीन नावाच्या वाडग्यासारख्या रेणूंवर जस्तासारख्या धातूंचे शोधक बसवले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकोना दत्ता आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जिवंत पेशीतलं मँगनीज दाखवणारा, चमक वाढवणारा रंग प्रसिद्ध केला. मँगनीज इथं फार त्रासदायक. एक तर ते नांगीत सैल बसतं, आणि बसलं तरी चमक वाढवण्याऐवजी विझवतं. माझ्या बोअरच्या पाण्यातल्या लोहानं केलं तसंच. शरीराला ते थोडं हवंच असतं, जास्त झालं तर मेंदूला बाधतं. खाणींत मँगनीजची धूळ श्वासातून घेणाऱ्या कामगारांना होणारा आजार जुना आहे, आणि आपल्या राज्यात नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत. रक्ताच्या तपासणीत धातू किती ते कळतं. पेशीत तो कुठं जाऊन बसला ते कळायला असा रंग लागतो.

मोरिन मात्र अडगळीत गेलेलं नाही. आम्लधर्मी जमिनीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि पिकांच्या मुळांची वाढ खुंटवतं. मुळाच्या टोकाच्या पेशींत ते कुठं साचलं हे पाहायला वनस्पतिशास्त्रज्ञ आजही मोरिनच वापरतात. बाझलच्या बाटलीतला पिवळा रंग शतकभरानं पेशीत शिरला तो असा.

गेल्या मे महिन्यात रोह्याला गेले तेव्हा उरलेल्या भुशाची बाटली आणि बॅटरी दाखवायला घेऊन गेले होते. पोरांनी अंधार करून पाहिलं, हरखली. दादा गप्प होता. धाटावची औद्योगिक वसाहत त्याच्या घरापासून लांब नाही. रंग, औषधं, त्यांना लागणारी रसायनं, सगळं तिथं बनतं, आणि गावातल्या निम्म्या घरांची चूल त्यावर पेटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आहे, हेही त्याला माहीत आहे. त्यानं विचारलं, "नदीचं पाणी यात टाकलं तर काय आहे ते दिसेल?"

मी म्हटलं, नाही. याला फक्त अ‍ॅल्युमिनियमसारखे थोडे धातू कळतात, आणि आपला जांभाच अ‍ॅल्युमिनियम आणि लोहानं भरलेला. चमकलं तरी अर्थ लागणार नाही, काळवंडलं तरी नाही. त्याला प्रयोगशाळा हवी, मोठं यंत्र हवं, आणि नमुना नीट घेणारा माणूस हवा. मग मी त्याला बाझलच्या विहिरींची गोष्ट सांगितली. ती त्यानं पूर्ण ऐकली.

"त्या माणसाला कुणी नेमलं होतं?" त्यानं विचारलं.

"शहरानं," मी म्हटलं.